डबल बेल

चालण्याबद्दल सल्ला देणारा माणूस धाराशिवात शोधावा लागत नाही. आश्विन लागला की तो आपोआप ओट्यावर उगवतो. दर गल्लीत एक. कुठं तो निवृत्त तलाठी असतो, कुठं पीटीचे मास्तर, कुठं नुसताच रिकामा. पण बोलायला सुरुवात सगळ्यांची एकच, "मी तर बाबा दरवर्षी चालतो." एवढं बोलून तो समोरच्याच्या चेहऱ्याकडं न बघता पायाकडं बघतो.

आमच्या गल्लीच्या वाट्याला आप्पा आलेत. एसटीत कंडक्टर होते. वय 76. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली तो नेमका आता पायी जातो. मी एकदा विचारलं. म्हणाले, "नोकरीभर गाडीत उभा होतो. आता काय बसायचं?"

धाराशिवहून तुळजापूर 20-22 किलोमीटर. आप्पांच्या हिशोबात ही शतपावली. खरं चालणं म्हणजे कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूर, 45 किलोमीटर, रात्रभर. सोलापूर, कर्नाटक, तेलंगण, सगळीकडची माणसं त्या रात्री त्या रस्त्यावर असतात. आमची अडचण अशी की धाराशिवहून सोलापूरला जायचा रस्ताच तुळजापुरावरून जातो. म्हणजे देवीच्या दारावरून एसटीनं पुढं जायचं आणि मग चालत मागं यायचं. गेल्या वर्षी वाहतूक वळवायच्या आत आम्ही निघालो, तेव्हा तुळजापूरचं स्टँड आल्यावर आमच्या वहिनींनी खिडकीतूनच हात जोडले. "आलेच गं आई, जरा सोलापूरला जाऊन येते."

पण ते पुढचं. आप्पांचा मोसम चार दिवस आधी सुरू होतो. पहिला कार्यक्रम पायांची तपासणी. ओट्यावर ओळीनं बसायचं, मोजे काढायचे, नखं दाखवायची. अंगठ्याचं नख वाढलेलं असलं की आप्पा नेलकटर पुढं करतात. "उतारावर पाऊल बुटात पुढं सरकतंय. नख आपटतंय. तिसऱ्या दिवशी काळं पडतंय. आत्ता काप. निघायच्या दिवशी कापशील तर कोपरा दुखंल." कापताना गोल नाही, सरळ. गोल कापलं तर नख मांसात शिरतं. हे सगळं ते असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण नखं वाढवून एसटीचं नुकसान केलंय.

दुसरा कार्यक्रम पायताणाचा. इथं त्यांची गाठ पडली शेजारच्या पुण्याच्या पोराशी. हा हिंजवडीत नोकरीला, शनिवार-रविवार राजगड-तोरणा करणारा. दिवाळीआधी आईला भेटायला आलेला, तो आईनंच आमच्यात ढकलला. आला तो घोट्यापर्यंतचे बूट, पाठीवर साठ लिटरची सॅक, हातात दुमडायच्या दोन काठ्या आणि पाण्याच्या पिशवीतून तोंडापर्यंत आलेली नळी घेऊन. आप्पांनी नळीकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "दवाखान्यातनं आणलालास का रे ह्याला?"

बूट नवे होते. आप्पांनी ते हातात घेतले, वाकवले, आत बोट घालून टाचेची शिवण चाचपली. "नवा बूट आन नवा जावई. पयल्या दिवशी नटतंय, दुसऱ्या दिवशी चावतंय." पोरगा म्हणाला, डोंगरात घोट्याला आधार लागतो. आप्पा म्हणाले, "डोंगरात लागतोय की. इथं डांबर हाय. डांबरावर घोटा मुरगळत नाही, तळवा तापतो." आणि मग बूट कधी घ्यावेत यावर दहा मिनिटं. संध्याकाळी घ्यावेत. दिवसभर उभं राहिलं की पाऊल फुगतं, सकाळी मापात बसलेला बूट रात्री बसत नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ड्युटी संपल्यावर बूट निघायचा नाही, त्यावरून कळलेलं. खरेदी कधीही करा, पण महिनाभर भाजी आणायला, दळण आणायला तेच घालून जा. पायताण जुनं, मोजे नवे. सुती मोजे नकोत, घाम पिऊन बसतात. ओली कातडी लवकर सोलते.

त्यानंतर तेल. जिथं कातडीला कातडी लागते तिथं निघण्याआधी व्हॅसलिन किंवा खोबरेल लावायचं, हे आप्पांनी भर ओट्यावर बायकांसमोर जाहीर केलं. कुठं कुठं तेही. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. आप्पांना कळेचना यात हसण्यासारखं काय होतं. पहाटे चारला ज्यानं मांड्या फाकून चालणारी माणसं बघितलीत, त्याची लाज संपलेली असते.

तिसरा कार्यक्रम वजन. आप्पांनी रद्दीवाल्याचा लटकता काटा मागून आणला होता आणि लिंबाच्या फांदीला अडकवला होता. नियम असा की पिशवी अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको. माझं 62, पिशवी सहा. वहिनींचं त्यांनी विचारलं नाही, अंदाजानं "पाच" म्हणाले आणि वहिनी खूश झाल्या. पण पिशवी साडेआठ भरली. आत ओटीचं सामान, साडी-चोळी, फराळ आणि पाच नारळ.

"नारळ तुळजापुरात मिळत्यात."

"आईला काय तिथला विकतचा नारळ वाहू?"

"मग हा काय दारातल्या झाडाचा हाय का?"

धाराशिव जिल्ह्यात दारात नारळ नसतो, बोरी-बाभळी असतात. वहिनींनी एक नारळ ठेवला, चार काढले. पुण्याच्या पोराच्या सॅकमधून निघाली एक फोल्डिंगची खुर्ची, दोन पॉवर बँका, जीन्स आणि एक छोटा स्टोव्ह. "ह्यावर काय रांधणार?" "नूडल्स." आप्पांनी त्याला शेजारच्या घरातली सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दाखवली. आठ-आठ दिवस टिकते, रांधायला लागत नाही, वजन काहीच नाही, आणि पिशवीत मोडली तरी मोडलेलीच खायची असते. याच्याइतकं प्रवासाला सोयीचं अन्न अजून मला कुणी दाखवलेलं नाही, आणि या बाबतीत मी आप्पांच्या पूर्ण बाजूनं आहे. काढलेलं सगळं सामान आप्पांनी एका पोत्यात भरलं आणि "जमा" म्हणून आत नेलं.

इतर वेळीही आप्पा गप्प नसतात. पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधबा बघायला निघालात की ते शेवाळावर बोलतात. येडशीच्या रामलिंगला निघालात तर माकडांच्या देखत पिशवीची चेन उघडू नका म्हणतात. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याला चुना वेचायला जाणाऱ्यांना तर ते दारातच अडवतात. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे. "कांदा खिशात कशाला? पोटात घाल. डोक्यावर ओलं उपरणं घे आन नऊच्या आत परत फीर." चालण्याचा आदर्श म्हणून ते उस्मानाबादी शेळीकडं बोट दाखवतात. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. "बूट नाही, सॅक नाही, दुष्काळात बी कड्यावर चढती." यावर पुण्याचा पोरगा म्हणाला, ती वाटेतल्या लोकांच्या पिशव्या पण खाते. आप्पांना हा मुद्दा पटला नाही.

तर चतुर्दशीच्या संध्याकाळी सोलापुरात रूपाभवानीचं दर्शन घेऊन आम्ही नऊ जण निघालो. आप्पांनी तोंडानं "टिंग टिंग" केलं. म्हणजे डबल बेल, गाडी सुटली. एकदा टिंग म्हणजे थांबायचं. रस्ता वाहनांना बंद होता, माणसांचा पूर चालला होता, "आई राजा उदे उदे" घुमत होतं, आणि त्या पुरात आमची नऊ माणसं रस्त्याच्या उजव्या कडेनं एका ओळीत. कारण पायी चालणाऱ्यानं उजवीकडून चालावं, समोरून येणारी गाडी दिसते. गाडी येणारच नव्हती. "सवय मोडू नका," आप्पा म्हणाले. लोक आमच्याकडं मयताला निघाल्यासारखं बघत होते. टॉर्चही सगळ्यांकडं. वर चांदणं पिठासारखं सांडलेलं. पण कडेच्या गवतात बसायला जाणाऱ्याला आप्पा टॉर्च आणि काठी दिल्याशिवाय सोडत नसत. "चंद्र फुरशाला बी उजेड देतोय. तुला दिसत नाही, त्याला दिसतंय." माणूस मग काठी आपटत जायचा आणि बराच वेळ आपटत राहायचा, बहुतेक धीर गोळा करत.

दर तासाला थांबा. "गाडी फक्त दहा मिनिटं थांबेल." बूट-मोजे काढायचे, तळवे पुसायचे, पाय दगडावर वर ठेवून पाठीवर पडायचं. दहाची अकरा झाली की टिंग टिंग. "बसलेली गाडी धक्का मारल्याबिगर निघत नाही." पाणी घोटघोट, तहान लागायच्या आधी. आप्पांच्या बाटलीत साखर-मीठ होतं, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मापात जरा चूक करायला गेलो तर चमचा हिसकावून घेत. मीठ जास्त झालं तर पाणी औषध न राहता अपाय करतं, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं आणि ते त्यांनी स्वतःचं म्हणून सांगितलं.

खरं संकट होतं फुकटचं खाणं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव घालून लोक वाट बघत उभे असतात. पोहे, चहा, केळी, खिचडी, मसाला दूध. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. हो म्हटलं तर पोटाला. पुण्याच्या पोरानं पहिल्या तीन तासांत सहा मांडवांना हो म्हटलं आणि सातव्या मांडवापाशी बाकावर आडवा झाला. आप्पा त्याच्या उशाशी बसून म्हणाले, "केळं घ्यायचं, चहा सोडायचा. एवढं साधं." स्वतःच्या हातात चहा होता.

तामलवाडीच्या पुढं त्याची टाच गेली. नव्या बुटानं काम केलं होतं. रुपयाएवढा फोड, आत पाणी, वर कातडी ताणलेली, टॉर्चच्या उजेडात चमकणारी. पलीकडच्या दिंडीतल्या एक आक्का लगेच सुई-दोरा घेऊन आल्या. फोडातून दोरा ओवायचा, दोरा आतच ठेवायचा, पाणी झिरपून जातं, हा आपल्याकडचा घरोघरचा उपाय.

"आक्का, दोऱ्यावरनं पाणी बाहीर येतंय, तशी घाण आत जाती," आप्पा म्हणाले. "दार दोन्हीकडनं उघडतंय."

"माझ्या सासूनं जल्मभर हेच केलं."

"सासूचे पाय बघितलाव का कधी?"

आक्का विचारात पडल्या. तेवढ्यात आप्पांनी टाच धुतली, उपरण्यानं टिपली, पुसली नाही, टिपली. कापसाच्या गादीची चौकोनी घडी केली, नेलकटरच्या पात्यानं मध्ये मेदूवड्यासारखं भोक पाडलं आणि ती अशी बसवली की फोड भोकात आला आणि बुटाचा भार भोवतीच्या गादीवर. वरून कापडी चिकटपट्टी, कडा अंगठ्यानं दाबून दाबून, सुरकुती राहू दिली नाही. सुरकुती राहिली की तिचाच नवीन फोड येतो. मग पोराच्या पायात स्वतःच्या पिशवीतली जुनी चप्पल सरकवली, मोज्यावरून. "फोडाची कातडी म्हंजे फुकटचं ड्रेसिंग. ते आपण कशाला फाडायचं? आपण तिकीट फाडायचं." पोरगा पुढं चालला. त्या दुमडायच्या काठ्या त्या रात्री पहिल्यांदा उपयोगी पडल्या, आणि आप्पांनी तसं कबूलही केलं, अर्थात त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू.

माळुंब्र्यापाशी मीच म्हणालो, आता अर्धा तास झोपतो. वाटलं, भाषण येणार. आप्पा म्हणाले, "झोप की. आई नऊ दिवस लढून दसऱ्यापासनं पाच दिवस झोपलीच हाय. पौर्णिमेला उठंल. तिला श्रमनिद्रा लागती, तर तू कोण?" देवीचा पलंगसुद्धा नगरकडून तुळजापूरला चालत येतो, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे झोपेचं सामानसुद्धा पायी. मी खरंच झोपलो. वीस मिनिटांनी टिंग टिंग.

सिंदफळ मागं पडलं आणि घाट लागला. सोलापूर साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेवर. उरलेला चढ नेमका पाय संपल्यावर येतो. आप्पांचा हुकूम आला, पावलं लहान करा, बोलता येईल एवढंच जोरात चाला, दम लागून बोलणं थांबलं की वेग जास्त झाला समजा. पूर्ण घाटभर ते स्वतः बोलत होते, त्यामुळं त्यांचा वेग बरोबर होता.

उजाडलं, कळस दिसला, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग महाद्वार. तुळजापूरच्या देवळात चढून जायचं नसतं, पायऱ्या उतरून जायचं असतं. जन्मभर ते माहीत होतं. 45 किलोमीटर चालून मांड्या लाकडं झाल्यावर ते पहिल्यांदा समजलं. पहिल्याच पायरीवर माझा गुडघा दुमडेना. उलटं उतरलं तर दुखत नाही, हे मला माहीत होतं. मी वळलो.

"आईकडं पाठ?" आप्पा ओरडले. "आडवं. खेकड्यासारखं. कठड्याला धरून."

आम्ही नऊ जण कठड्याला धरून आडवे उतरू लागलो, एक पाय खाली, दुसरा त्याच्याजवळ, परत एक पाय खाली. मागून गर्दी येत होती, आणि आप्पांची नोकरी त्यांच्या तोंडात जागी झाली होती. "चला पुढं, पुढं चला, आत जागा हाय."

गोमुखापाशी हातपाय धुवायला त्यांनी पिशवी माझ्याकडं दिली. मी एका हातानं घेतली आणि दुसरा लावावा लागला. आप्पांचं वजन पन्नाससुद्धा नसेल. ही पिशवी सहजी दहा किलोची होती. लिंबाच्या फांदीवरच्या काट्याला आमच्या सगळ्यांच्या पिशव्या लागल्या होत्या, ही कधी लागली ते मला आठवेना. चेन अर्धवट उघडी होती. वर दोन पॉवर बँका, खाली शेंडीचे चार नारळ.

वहिनींनी बघितलं. "आप्पा, हे माझे?"

आप्पा ओले हात झटकत आले, पिशवी माझ्याकडून घेतली आणि हात पुढं केला.

"लगेज हाय. चार नगांचे पैसे काढा, वहिनी. सुट्टे."