नव्या संगणकात रॅमचा वेग लावण्याचा शास्त्रोक्त विधी

जळगावचा माणूस सराफाकडे पाटल्या घेताना काट्यावर पंख्याचं वारं येतंय का तेही बघतो. हॉलमार्क तपासतो, त्याच्या शेजारचा सहा अक्षरी क्रमांक भिंगातून वाचून घेतो, मजुरीवर तासभर घासाघीस करतो. हाच माणूस नवा संगणक जोडून आणतो, रॅमच्या खोक्यावर ३२०० छापलंय म्हणून चार पैसे जास्त मोजतो आणि ती रॅम पुढची पाच वर्षं २४०० ने चालवतो. रुपयामागे चार आणे घट! सोन्यात अशी घट निघाली असती तर सराफ बाजारात पोलीस बोलवावे लागले असते.

दुकानदाराला विचारलंत, तर तो म्हणेल, "चालू राहिलं ना भाऊ?" विंडोज उघडलं की त्याच्या लेखी संगणक जोडून झाला. म्हणून पुढचा विधी यजमानाने स्वतःच करायचा आहे.

आधी पूजा. ती टाळू नये, नाही तर पुढचा प्रत्येक बिघाड तिच्या नावावर लागतो. स्वस्तिक काचेच्या बाजूवर काढावं, नारळ जमिनीवर फोडावा. अक्षता कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर टाकू नयेत. खाली पंखा असतो आणि त्याला श्रद्धा नसते.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की उजव्या बाजूला खाली वेग लिहिलेला सापडतो. खोक्यावरचा आकडा आणि हा आकडा जुळला, तर आपलं दुकानदाराशी गेल्या जन्मीचं काही नातं असावं. सीपीयू-झेड नावाचा प्रोग्राम ३२०० च्या रॅमला १६०० दाखवतो, तेव्हा मात्र भांडायला जाऊ नये. घड्याळाच्या एका ठोक्याला ही रॅम दोनदा माल देते, आणि कंपन्या खोक्यावर मालाच्या खेपा छापतात, ठोके छापत नाहीत.

आकडा कमी निघाला की पुण्यातल्या भाच्याला फोन लावावा. प्रत्येक खानदेशी घराला हिंजवडीत एक भाचा असतो.

"मामा, बायोसमध्ये जायचं. संगणक सुरू होताना डिलीट दाबत राहा."

"डिलीट? अरे, आत टॅलीचा सगळा डेटा आहे!"

इथे विधी साधारण अर्धा तास थांबतो. डिलीटने काही पुसलं जात नाही, हे मामांना मामीच पटवून देतात.

आत गेल्यावर एक्सएमपी शोधावं. ही सोय इंटेलने २००७ मध्ये डीडीआर ३ च्या काळात आणली. एएमडीने डीडीआर ५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो काढलं, आणि एएमडीच्या काही जुन्या बोर्डांवर याच गोष्टीला डीओसीपी म्हणतात. प्रत्येक रॅमपट्टीवर एक बारीक चिप असते. तिच्यात त्या पट्टीचा वेग, व्होल्टेज आणि वेळापत्रक कारखान्यातच लिहून ठेवलेलं असतं. बोर्ड मात्र ते आपणहून पाळत नाही. सगळ्यांना झेपेल अशा सरकारी चालीने पट्टी हाकतो. एक्सएमपी चालू केलं की डीडीआर ४ ला बहुधा १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट मिळतात आणि छापील वेग लागतो. एफ-१० दाबून सेव्ह करावं. बोर्ड एच ६१० असेल तर त्यात ३६०० ची डीडीआर ४ घालून अपेक्षा वाढवू नयेत. तो ३२०० च्या वर जात नाही.

सेव्ह केल्यावर पडदा काळा होतो. पंखे फिरतात, दिवे लागतात, चित्र नाही. घरातून "काय व्हयनं?" अशी विचारणा येते आणि कोणाचा तरी हात बटणाकडे जातो. तो धरावा. डीडीआर ५ ची पट्टी पहिल्या वेळी बोर्डाशी जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात. तोवर बामणोदचं वांगं भाजायला ठेवावं. वांगं सोलून झालं तरी पडदा काळाच असेल, तर वायर काढून बोर्डावरचा सीआर २०३२ सेल थोडा वेळ बाहेर ठेवावा. बायोस आपल्या मूळ समजुतीवर परत येतो.

चाचणी कधी करावी याबद्दल शास्त्रात मतभेद आहेत. माझं मत मे महिन्याचं. धुळ्याला जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा काहीही टिकतं. भुसावळला तो ४५ च्या पुढे गेला की खरी परीक्षा. रॅममधला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांत नव्याने भरावा लागतो. चिप ८५ अंशांवर तापली की गळती वाढते आणि हे दुप्पट वेळा करावं लागतं. तेव्हा भर दुपारी, कूलर बंद करून, मेमटेस्ट रात्रीपर्यंत चालवावी. एकही चूक चालत नाही. एक आली तरी वेग एक पायरी उतरवावा.

एवढं करून मिळतं काय? टॅलीला काहीही नाही. नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कोरलमध्ये बनवणाऱ्याला थोडंसं. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता खेळणाऱ्या मुलाला मात्र भरपूर, कारण त्याचं चित्र याच रॅममधून येतं. त्याहून मोठा फरक दुकानदार "पुढे वाढवता येईल" म्हणत एकच १६ जीबीची पट्टी देतो तिथे पडतो. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहते, आठ-आठच्या दोन लावल्या तर ५१.२. चार खाचांच्या बोर्डात त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात.

धुळ्याच्या चुलतभावाने यावरून घेतलेला धडा जरा जास्तच झाला. रायझन ७००० च्या बोर्डात त्याने ६००० च्या चार डीडीआर ५ पट्ट्या घातल्या. खाचा रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत म्हणाला. दोन पट्ट्यांना त्या प्रोसेसरची अधिकृत हमी ५२०० ची, चार घातल्या की ३६०० ची. आता तो दोन पट्ट्या जळगावच्या भावाला निम्म्या भावात देतोय. जळगावच्याचा बोर्ड डीडीआर ४ चा, त्यात त्यांची खाचच जुळणार नाही. पण घासाघीस सध्या रंगात आली आहे, मध्ये कोणी बोलू नये.