पहिल्याच फेरीत गारद झालेल्या संघाच्या चाहत्यांसाठी मार्गदर्शक सूचना

हरल्यावर खेळाडूंना फारसं काही करावं लागत नाही. विमानात बसून घरी यायचं, एवढंच. खरं काम पडतं ते चाहत्यांवर. पण त्यांना कुणी प्रशिक्षण देत नाही. कुणी वेळेआधी रडतो, कुणी चार दिवसांनी चिडतो, आणि एकूण शोकाला शिस्त म्हणून राहत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी २००७ सालचा वेस्ट इंडीजमधला विश्वचषक नमुना म्हणून घेतला आहे. १७ ते २५ मार्च या नऊ दिवसांत त्यात सगळा अभ्यासक्रम पूर्ण होतो.

१. जागरण

त्रिनिदादला सकाळी साडेनऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे संध्याकाळी सातला सुरू होतो आणि मध्यरात्र उलटून जाते. त्यामुळे जेवणं पहिल्या डावातच उरकावीत. १७ मार्चला बांगलादेशापुढे आपण १९१ धावांत आटोपलो की ‘आपले बॉलर बघून घेतील’ असं म्हणून ताटावर बसावं. आवाजात खात्री हवी. घास घशात अडकला तरी चालेल. घरात दहावीचं मूल अभ्यासाला बसलं असेल तर टीव्हीचा आवाज बंद ठेवावा. स्कोअर विचारायला ते आपणहून बाहेर येतं. ज्यांच्याकडे ऐन दुसऱ्या डावात भारनियमन सुरू झालं, त्यांनी ते पूर्वपुण्याईच्या खात्यात मांडावं.

२. दोषवाटप

हे काम हरल्यापासून चोवीस तासांत संपवावं. पहिला मान प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांचा. ते परदेशी असल्याने आपल्यातलं कुणी दुखावत नाही. सचिनला सलामीऐवजी चौथ्या क्रमांकावर का पाठवलं, यावर किमान अर्धा तास बोलता आलं पाहिजे. त्यासाठी २००३ च्या विश्वचषकातल्या त्याच्या ६७३ धावा तोंडपाठ असाव्यात. त्यानंतर कर्णधार द्रविड, त्यानंतर जाहिराती. जाहिरातींवर संतापताना हातात त्याच जाहिरातीतलं थंड पेय असलं तर आक्षेप घेऊ नये.

क्रिकेट मंडळाकडे वळताना मराठी चाहत्याने जरा जपून. त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष शरद पवार आणि केंद्रातले कृषिमंत्रीही तेच. पाऊस आणि धावा, दोन्हींची तक्रार एकाच टेबलावर जाते. तेव्हा प्राधान्य आधी ठरवून घ्यावं.

पुतळे जाळणं, रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर चालून जाणं असले प्रकार या मार्गदर्शिकेत बसत नाहीत. शोक बसून करायचा असतो.

३. बर्म्युडाची उपासना

१९ मार्चला आपण बर्म्युडाविरुद्ध ५ बाद ४१३ धावा केल्या आणि २५७ धावांनी जिंकलो. त्याच सामन्यात त्यांच्या अगडबंब ड्वेन लेव्हरॉकने स्लिपमध्ये उजवीकडे झेपावत उथप्पाचा झेल घेतला आणि आनंदाने मैदानभर धावत सुटला. त्याला हसायला हरकत नाही, पण फार हसू नये. कारण २३ तारखेला आपण श्रीलंकेकडून ६९ धावांनी हरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की आता आपली सगळी मदार लेव्हरॉकवर आहे.

हिशेब असा: बर्म्युडाने बांगलादेशाला हरवलं तर तिघांचे दोन-दोन गुण होतात आणि धावगतीवर आपण पुढे जातो. हा हिशेब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेनाने करावा. शाळेत गणिताशी वैर होतं त्यांनाही तो त्या दिवशी सुटतो. पाऊस पडू नये म्हणूनही साकडं घालावं. सामना वाहून गेला तर बांगलादेशाला एक गुण मिळतो आणि आपण बाहेर पडतो. २५ मार्चला पाऊस पडलाच, पण अर्धवट. २१ षटकांत बर्म्युडाच्या ९ बाद ९४ झाल्या आणि बांगलादेश ७ गडी राखून जिंकला. उपासना इथे समाप्त. बर्म्युडा नकाशावर नेमकं कुठे आहे, हे आता शोधलं नाही तरी चालेल.

४. समोरच्या संघाकडे पाहू नये

ही सर्वांत महत्त्वाची सूचना. स्कोअरकार्ड आपल्या बाजूचंच वाचावं. दुसरी बाजू वाचल्यास १७ मार्चच्या पराभवात बांगलादेशाच्या मश्रफी मोर्तझाने ३८ धावांत ४ गडी बाद केल्याचं कळतं. झहीर खानला पुढे सरसावून षटकार मारणाऱ्या तमीम इक्बालला अठरा पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते, हेही कळतं. मुशफिकुर रहीम आणि शाकिब अल हसन वयाच्या एकोणिसाव्या वर्षी अर्धशतकं ठोकून गेले, हेही. आणि त्यांचा सहकारी मंजुरल इस्लाम राणा आदल्याच दिवशी रस्ते अपघातात गेला होता, ती बातमी पोटात ठेवून ही पोरं मैदानात उतरली होती, इथपर्यंत माणूस वाचत गेला तर सगळंच अवघड होतं. राग विरघळायला लागतो. दोषवाटप नव्याने करावं लागतं, आणि चॅपेलच्या नावावर लिहिलेला अर्धा तास वाया जातो.

५. संन्यास आणि त्याची मुदत

‘यापुढे क्रिकेट बघणार नाही’ ही घोषणा चारचौघांत करावी. मुदत सहा महिने. २४ सप्टेंबरला जोहान्सबर्गमध्ये धोनीचा संघ पाकिस्तानला ५ धावांनी हरवून पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकतो, तेव्हा ती आपोआप संपते. दोन दिवसांनी मुंबईत विमानतळापासून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून मिरवणूक निघते. तिथे हजर राहून ‘मार्चमध्येच म्हटलं होतं, पोरांना संधी द्या’ असं सांगावं. म्हटलं नसलं तरी सांगावं.

मात्र चौथी सूचना इथेही लागू आहे. पाकिस्तानला चार चेंडूंत सहा धावा हव्या होत्या आणि सामना मिसबाहच्या हातात होता, हा विषय काढू नये. मार्चमध्ये आपण हरलो, सप्टेंबरमध्ये आपण जिंकलो. दोन्ही वेळा मैदानात आणखी एक संघ होता, असं कुणी म्हणालंच तर त्याला क्रिकेट कळत नाही, असं समजावं.