वाचवा हो, वाचवा!

ज्यांच्या घरी महिन्याचा खर्च अजून वहीत लिहिला जातो, किराणा यादी करून आणला जातो आणि यादीबाहेरची वस्तू घरात आली की ‘हे कशाला?’ असे विचारले जाते, अशा मागास कुटुंबांसाठी हा प्राथमिक अभ्यासक्रम आहे. तो मन लावून पूर्ण केल्यास चार माणसांचे घर वर्षाकाठी इतकी बचत करू लागते की ती ठेवायला माळा पुरत नाही.

लागणारे साहित्य : एक स्मार्टफोन, त्यात खरेदीची निदान चार ॲप, दोन क्रेडिट कार्डे (पैकी एक दिराचे असले तरी चालेल) आणि रात्री साडेअकराची वेळ. वेळेबाबत तडजोड नको. सकाळी भाजी निवडताना आपल्याकडे तीन झारे आहेत हे माणसाला आठवते. रात्री आठवत नाही. पूर्वीचे दुकानदार या बाबतीत गिऱ्हाइकाची फार गैरसोय करत. दुपारी एक ते चार बंद, रात्री साडेआठला शटर खाली, शिवाय आठवड्याची सुट्टी. दुकान उघडेपर्यंत घ्यायचे काय होते हेच माणूस विसरून जाई आणि पैसे बिचारे घरातच पडून राहत. ॲपला शटर नसते.

धडा पहिला : आधी सूट निवडा, मग वस्तू

नवशिका आधी वस्तू ठरवतो आणि मग तिची किंमत बघतो. ही खोड मोडली पाहिजे. आधी टक्के बघावेत. चाळिसाच्या आतल्या सुटीकडे ढुंकूनही पाहू नये. समजा, एका मिक्सरवर ६,९९५ हा आकडा खोडून खाली २,४९९ लिहिले आहे आणि शेजारी हिरव्या अक्षरांत ६४ टक्के सूट. घरात मिक्सर आहे, तो चालतो, फक्त चटणीच्या भांड्याचे झाकण सैल झाले आहे. तरीही नवा घ्यावा, कारण न घेतल्यास ४,४९६ रुपयांचे सरळ नुकसान होते. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसते झाकणही मिळते म्हणतात. त्या बाजूने जाऊ नये.

इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारतोच, की हे ६,९९५ आले कुठून? प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, तरी सांगून ठेवतो. बंद पाकिटातल्या वस्तूवर सगळे कर धरून कमाल किरकोळ किंमत छापावीच लागते आणि तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. मात्र मिक्सरसारख्या वस्तूवर ती किती छापावी, हे कायदा सांगत नाही. ती छापतो वस्तू बनवणारा किंवा बाहेरून आणणारा. आणि जो आकडा पुढे खोडण्यासाठीच छापायचा, तो लहान कशाला छापा? तेव्हा ६,९९५ ला तो मिक्सर आजवर कोणी घेतला होता का, या चौकशीत पडू नये. किमतीचा जुना आलेख दाखवणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. दसऱ्याच्या महासेलमधला भाव जुलैतही तोच होता, असे कधीकधी त्यांत दिसते आणि घरातले वातावरण उगाच बिघडते.

धडा दुसरा : फुकट डिलिव्हरी मिळवणे

मुलाची कंपासपेटी आणि डब्याची पिशवी मिळून ४१२ रुपये झाले. ४९९ च्या वर डिलिव्हरी फुकट, खाली ४० रुपये. कच्चा विद्यार्थी ४० रुपये भरतो आणि मोकळा होतो. हुशार विद्यार्थी वीस मिनिटे शोधून १२९ रुपयांचे कपड्यांचे चिमटे घेतो, चोवीस नग. बाल्कनीत दोरी एकच असली तरी. आता बिल ५४१, आधीच्या मार्गाने ४५२. म्हणजे चाळीस रुपये वाचवायला एकोणनव्वद रुपये जादा लागले. हे मोठ्या माणसांना लवकर समजत नाही. पाचवीतल्या मुलाला लगेच समजते. म्हणून कार्ट भरताना मुलांना जवळ घेऊ नये.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपवर अभ्यास पुढे सरकतो. तिथे कोथिंबिरीच्या जुडीला हाताळणी शुल्क असते, ऑर्डर लहान असल्याचे शुल्क असते, गर्दीच्या वेळेचे असते आणि आषाढ-श्रावणात पावसाचेही असते. हे सगळे अगदी शेवटच्या पडद्यावर, पैसे भरायच्या बटणाच्या जरा वर, बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तोवर कढईत फोडणी तडतडत असते, त्यामुळे वाचायचे राहून गेले तरी चालते.

धडा तिसरा : सरकारी पाठ्यपुस्तक

या विषयावर केंद्र सरकारने एक उत्तम पुस्तिका काढली आहे, याची अनेकांना कल्पना नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ नावाच्या तेरा युक्त्यांची यादी अधिसूचित केली. हेतू त्या बंद पाडण्याचा होता. पण आपण तिच्याकडे अभ्यासक्रम म्हणून पाहावे. इतक्या नीटसपणे गिऱ्हाइकाच्या खिशाचा नकाशा दुसऱ्या कोणी काढलेला नाही.

तेरांतली सर्वांत गुणी युक्ती घाईची, असे माझे मत आहे. ‘फक्त २ शिल्लक!’ त्याखाली उलटे पळणारे घड्याळ. ‘आत्ता ३७ जण हेच बघत आहेत.’ ते सदतीस जण कोण, हे विचारू नये. भाऊगर्दीत साड्यांच्या ढिगावर तुटून पडणाऱ्या बायका निदान डोळ्यांना दिसत तरी होत्या. हे सदतीस जण बहुधा आपल्यासारखेच अंथरुणात पडून, पांघरुणाखाली, उरलेल्या छत्तीस जणांच्या भीतीने बटण दाबत असावेत. दुसऱ्या दिवशी पाहिले तरी दोनच शिल्लक असतात आणि घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर आलेले असते. या चमत्कारापुढे हात जोडावेत.

दुसरी युक्ती लाज आणण्याची. हो म्हणायचे बटण मोठे आणि रंगीत. नको म्हणायचे असेल तर करड्या अक्षरांत लिहिलेले ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ दाबावे लागते. त्या सरकारी यादीत विमानाच्या तिकिटाचे उदाहरण आहे : विमा घेतला नाही तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशी जणू लेखी कबुली द्यायची. मराठी माणूस दुकानदाराचा तिरकस शब्द पिढ्यान्‌पिढ्या पचवत आला आहे, पण स्वतःच्या बोटाने स्वतःविरुद्ध प्रतिज्ञापत्र करणे त्याच्या जिवावर येते. मग तो १४९ रुपयांचे सदस्यत्व घेतो. ते घ्यायला एक बटण असते. सोडायला पाच पडदे आणि ‘आपण का जात आहात?’ अशी हळवी विचारपूस.

आपण न घेतलेली वस्तू कार्टमध्ये आपोआप येऊन बसणे हीदेखील त्या तेरांतलीच. ती दिसली तर काढून टाकू नये. पाहुणा आहे.

धडा चौथा : कॅशबॅक

मिळतो. कॅश मिळत नाही.

धडा पाचवा : कार्ड आणि नातीगोती

सेलमध्ये सूट वस्तूवर कमी आणि कार्डावर जास्त असते. एका बँकेच्या कार्डावर दहा टक्के, तेही १,५०० रुपयांपर्यंत, तेही अमुक रकमेच्या वर, तेही आज रात्री बारापर्यंत. ते कार्ड आपल्याकडे नसते. कोणाकडे असते, हे कळण्यासाठी घराण्याची वंशावळ पाठ हवी. मग पुढीलप्रमाणे संभाषण होते.

“भावोजी, ओटीपी आला का?”

“वहिनी, मी स्मशानात आहे.”

“अरे देवा! कोण गेलं?”

“आमच्या साहेबांचे वडील.”

“फार वाईट झालं हो. बरं, मेसेज तेवढा बघता का? दीड मिनिट राहिलंय.”

ओटीपी कोणालाही सांगू नका, असे प्रत्येक बँक कानीकपाळी ओरडून सांगते. भामट्यांनी लोकांची खाती धुऊन नेली आहेत, तेव्हा तो नियम अक्षरशः पाळावा हे मी मुखवटा बाजूला ठेवून सांगतो. पण वहिनींपुढे नियम चालत नाही. ओटीपी मिळतो, ९०० रुपये वाचतात, आणि पुढच्या दिवाळीत भावोजींच्या मुलीला कानातले घ्यावे लागते. ते पैसे वेगळ्या खात्यात धरावेत.

धडा सहावा : बिनव्याजी हप्ता

हा धडा थोडा सावकाश वाचा. फोन २४,००० चा. बारा हप्ते, दोन-दोन हजारांचे. बारा दुणे चोवीस. म्हणजे व्याज शून्य. इतके सोपे गणित पाहून डोळ्यांत पाणी येते.

रिझर्व्ह बँकेने मात्र सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना रुक्षपणे कळवले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वातच नाही. मग बिनव्याजी जमते कसे? बँक व्याज लावतेच. फक्त तेवढी रक्कम किमतीतून आधीच सूट म्हणून वजा केलेली असते. वर्षाला १५ टक्के दर धरला तर या फोनवर सुमारे १,८४० रुपये व्याज होते आणि तितकीच सूट मिळते. इथवर हिशोब चोख. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो, तो झाला ३३१ रुपये, आणि तो सुटीत धरलेला नसतो. प्रक्रिया शुल्क समजा १९९, त्यावर पुन्हा जीएसटी. शून्य व्याजाला साडेपाचशेच्या वर पडले. एकरकमी पैसे देणाऱ्याला वेगळी सूट असेल तर तीही गेली.

अर्थात साडेपाचशे रुपयांनी कोणी बुडत नाही. बुडवतो तो हप्त्याचा लहान आकडा. दोन हजारांचा फोन, त्यावर अकराशेचे वॉशिंग मशीन, आठशेचा गादीचा हप्ता, साडेसहाशेचे घड्याळ; यांतला एकेक इतका गरीब दिसतो की त्याला नाही म्हणवत नाही. पगार झाल्यावर पाच तारखेला सगळे एकत्र येतात. कुटुंबाचे बजेट मोडते ते खरे इथे, चिमट्यांनी नव्हे.

धडा सातवा : मोठे पाकीट, मोठी बचत

‘कुटुंबासाठी खास’ असे लिहिलेले पाकीट दिसले की उचलावे. पाकिटावर आणि स्क्रीनवर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भाव कुठेतरी बारीक छापलेला असतो. त्याकडे लक्ष गेले तर कधीकधी दोन किलोंचे एक पाकीट एकेक किलोच्या दोन पाकिटांपेक्षा महाग निघते. आणि स्वस्त निघाले तरी पाच किलो तूरडाळ तिघांना किती महिने पुरते, हा प्रश्न उरतोच. टोके या बाबतीत घरच्यांपेक्षा जास्त मदत करतात.

याच संदर्भात एका प्रतिगामी संस्थेपासून सावध करणे माझे कर्तव्य आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एक अजब प्रकार चालवते. आसपासची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याच्या सामानाची यादी आधीच भरून देतात, माल एकगठ्ठा येतो आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. ना घड्याळ, ना सदतीस जण, ना ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’. यादी भरताना बाई स्वयंपाकघरात उभी असते आणि डबा हलवून बघते. डबा हलवून बघणाऱ्या माणसाला काहीही विकता येत नाही. ॲपवाल्यांचे नशीब, की हा रोग फार पसरला नाही.

धडा आठवा : परत करणे

‘आवडले नाही तर परत’ या भरवशावरच बरीच खरेदी होते. प्रत्यक्षात खोके फाडलेले असते, बिल सापडत नाही आणि मुदत काल संपलेली असते. मुदतीत असाल तर पैसे ॲपच्या पाकिटात जमा करू देऊ नका. मूळ खात्यात मागा. पाकिटातल्या पैशांना तिथेच खर्च होण्याची फार ओढ असते.

तक्रारीचेही तसेच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो; त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तरी दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. हे मी अगदी दबक्या आवाजात सांगतो आहे. एकदा का पैसे परत मिळाले की विद्यार्थ्याला चटक लागते आणि तो बिले जपून ठेवू लागतो.

धडा नववा : घरच्यांना हिशोब देणे

हिशोब नेहमी ॲपच्या भाषेत द्यावा. किती गेले हे सांगू नये, किती वाचले ते सांगावे. वर्षभराचे आकडे जमवून रविवारी जेवताना जाहीर करावे : “या वर्षी आपण एक लाख बारा हजार रुपये वाचवले.” सगळे क्षणभर घास हातात धरून बघत राहतात.

पण यात एक धोका आहे. ही घोषणा शक्यतो मे-जूनमध्ये करू नये. कारण मग सासूबाई आमटी वाढता वाढता सहज म्हणतात, “बरं झालं बाई. मग शाळेची फी त्यातूनच भरून टाका.”

अशा वेळी अजिबात गडबडू नये. हात धुऊन फोन उघडावा. दोन दिवसांपूर्वी आपण फीबद्दल काय शोधले होते हे त्याला माहीत असते. शाळेच्या फीसाठी बारा महिन्यांचा बिनव्याजी हप्ता, पहिल्या भरण्यावर २०० रुपये सूट, फक्त आज रात्रीपर्यंत, असे तिथे बहुधा येऊन थांबलेले असते.