स्थळ चांगलं आहे, फक्त मेलेलं आहे

मुलगा उंच, गोरा, निर्व्यसनी. वय १७, १९१८ पासून तेवढंच. वडील डॉक्टर. एकत्र कुटुंब, गावाबाहेर स्वतःचा बंगला, दारात चंदेरी व्होल्वो. वैद्यकशास्त्राच्या दोन पदव्या, शिवाय पियानो उत्तम वाजवतो. घरचे सगळे शाकाहारी, म्हणजे माणसं खात नाहीत, जंगलातल्या जनावरांवर भागवतात. लग्नाआधी मर्यादा ओलांडायची नाही, यावर मुलगा मुलीपेक्षाही ठाम. अमेरिकेत स्थायिक. हुंडा नको. पत्रिका जुळवायची गरज नाही, कारण मृत्युयोग येऊन गेलेला आहे.

हे टिपण छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही वधूवर मेळाव्यात वाचून दाखवा. शेवटचं वाक्य संपायच्या आत निम्मे वधूपिते मुलाच्या वडिलांचा नंबर मागायला उठतील. मृत्युयोगाचं काय ते नंतर गुरुजींना विचारून शांती करून घेता येईल.

मुलाचं नाव एडवर्ड कलन. स्टेफनी मेयर या अमेरिकन बाईंनी २००५ साली 'ट्वायलाइट' ही कादंबरी काढली आणि २००८ पर्यंत चार खंडांत त्याचं लग्न लावून दिलं. जगभरात या मालिकेच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्यानंतर देखणा, दुःखी आणि दात आवरून धरणारा व्हॅम्पायर हा मुलींच्या पुस्तकांचा एक स्वतंत्र धंदाच झाला. आपल्याकडे टीव्हीवर 'प्यार की ये एक कहानी' येऊन गेली. २०२५ च्या दिवाळीत 'थामा' आला. त्यात वेताळांनाच प्रेमात पाडलं होतं, आणि दिग्दर्शक होते आपले आदित्य सरपोतदार. मोबाइलवर क्रमशः चालणाऱ्या मराठी कथांतही आता चावरे नायक सुखाने नांदतात.

आमच्या सिडकोतल्या सोसायटीला हा विषय कळला तो गच्चीवरच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी भरलेल्या बैठकीत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकी बाजूला ठेवून या विषयाला तोंड फोडलं. "पोरगी नीटच्या पुस्तकात घालून कादंबरी वाचायली हो! म्हटलं, कोण हा मुलगा? तर म्हणती, व्हॅम्पायर आहे. म्हणजे रक्त पिणारा!" सभेत शांतता पसरली. मग कोपऱ्यातल्या आजींनी काळजीच्या सुरात विचारलं, "आपल्यातला आहे का?"

काकांची पिढी नारायण धारप वाचून मोठी झाली. 'लुचाई'त गावच्या गाव रक्तपिपासूंच्या तावडीत जातं. ते पुस्तक याच काकांनी वाचनालयातून आणून कंदिलाच्या उजेडात संपवलं होतं आणि पुढे आठवडाभर परसात जायला धाकट्या भावाला सोबत नेलं होतं. त्या वाचनाने त्यांचं काही बिघडलं नाही; ते यथाकाळ कनिष्ठ अभियंता होऊन निवृत्त झाले. फरक एवढाच की धारपांची भुतं मारायची. नवी भुतं प्रेम करतात, आणि मध्यमवर्गीय घराला मरणाची भीती फारशी वाटत नाही, प्रेमाची वाटते.

मी काकांना धीर दिला. म्हटलं, हे पुस्तक तुमच्याच पक्षाचं आहे. नायिका बेला बारावीपर्यंतचं शिक्षण संपवते, अठरा पूर्ण करते, थोरामोठ्यांच्या साक्षीने लग्न करते, मधुचंद्रातच तिला दिवस जातात आणि ती कायमची सासरची होते, अगदी रक्तासकट. चार जाडजूड खंड खर्ची घालून मेयरबाई जिथे पोचल्या, तिथे आपल्याकडची कुठलीही आत्या एका वाक्यात पोचते: "बारावी झाली ना, मग टाका उजवून."

आत्यांची घाई तर व्हॅम्पायरलाही लाजवणारी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं भरायच्या आत झालेलं आढळलं. एडवर्ड निदान अठरापर्यंत थांबला. या मुलींना पळवायला रात्री खिडकीतून कुणी आलं नव्हतं. मामा, काका, आचारी आणि मंडपवाला एवढी माणसं पुरली.

मग मुलींना यात एवढं काय सापडतं? पहिलं उत्तर हवामान खात्याचं. मेयरबाई राहायच्या ॲरिझोनाच्या वाळवंटात. गोष्ट सुचली तेव्हा त्यांनी अमेरिकेतलं सगळ्यात पावसाळी ठिकाण शोधलं आणि फोर्क्स नावाचं आडगाव निवडलं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे बरं वर्ष असेल तर त्याच्या पावभर. मराठवाड्यातल्या मुलीला शंभर वर्षांचा तरुण एक वेळ पटतो. पण पान उलटलं की पाऊस, पुन्हा उलटलं की पुन्हा पाऊस, आणि कुणीही टँकरवाल्याला फोन करत नाही, ही खरी अद्भुतकथा.

एडवर्ड आपल्या शहरात आला तर त्याचं फार अडणार नाही. उन्हात त्याची कातडी हिऱ्यासारखी चमकते, म्हणून ऊन पडलं की तो शाळेला दांडी मारतो. इथे दांडीची गरज नाही. मे महिन्यात जालना रोडवर स्कूटीवरून जाणारी निम्मी जनता सनकोट, हातमोजे आणि डोळ्यांपुरती फट ठेवून बांधलेला स्कार्फ अशा वेषात असते. त्यात जिवंत कोण आणि मेलेलं कोण, हे सिग्नलवरच्या हवालदारालाही सांगता येणार नाही. दुसरं म्हणजे त्याला झोप लागत नाही. ज्या शहरात वर्षानुवर्षं आठवडा-आठवडा नळाची वाट पाहिली, १६८० कोटींच्या पाणीयोजनेचं २०२० मध्ये भूमिपूजन पाहिलं आणि मग तिची किंमत २७४० कोटींवर चढताना पाहिली, तिथे रात्रभर जागून मोटार चालू करणारा जावई म्हणजे देवमाणूस. अडचण एकच. रात्री मुलीच्या खिडकीपाशी घुटमळताना तो दामिनी पथकाच्या हाती लागेल, आणि आधारकार्डावरची जन्मसालाची नोंद, १९०१, ठाणे अंमलदाराला समजावता समजावता उजाडेल.

दुसरं उत्तर मात्र शोधायला पैठणला जावं लागतं. पन्नास किलोमीटरचा रस्ता. भुताखेतांचा आणि प्रेमाचा धंदा तिथे दोन हजार वर्षांपूर्वी जोरात होता. सातवाहन राजा हालाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. त्यातल्या कितीतरी बायकांच्या तोंडी आणि बहुतेक प्रेमाच्या. आणि सातवाहनांच्याच दरबारातल्या गुणाढ्याची आख्यायिका तर अशी, की त्याने पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या बोलीत, सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' रचली. रानात शाई मिळेना, तेव्हा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाकडे पाठवली तर राजाने नाक मुरडलं: भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, असलं काय वाचायचं? आमचे दुसऱ्या मजल्यावरचे काका नेमकं हेच म्हणाले. पैठणची परंपरा अखंड आहे.

गुणाढ्याने मग डोंगरावर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं विसरून रडत ऐकू लागली, वाळली, आणि राजाच्या ताटातलं मांस बेचव झालं. राजा आजारी पडला, चौकशी झाली, तेव्हा कुठे तो धावत जाऊन उरलेले एक लाख श्लोक वाचवता झाला. मराठी भूमीवरच्या वाङ्मयाला राजाश्रय मिळाला तो असा पोटाच्या वाटेने. आजही एखादं पुस्तक वाचवायचं असेल तर मंत्र्यांच्या जेवणावर परिणाम होईल अशी काही सोय करावी लागेल.

मूळ 'बृहत्कथा' हरवली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तिच्या परंपरेतून 'कथासरित्सागर' रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि प्रेत खांद्यावर टाकून चालणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! वेताळ रक्त पीत नाही, डोकं खातो. गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो.

त्यातली मंदारवतीची गोष्ट ऐका. तीन तरुण तिच्यावर जीव टाकून बसलेले. बाप कुणालाच होकार देत नाही. ती तापाने मरते. एक जण तिच्या चितेच्या राखेवर अंथरूण घालून तिथेच राहतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा भटकता भटकता मेलेल्याला उठवायचा मंत्र मिळवून येतो. ती जिवंत होते आणि तिघं भांडू लागतात: बायको कुणाची? राजा निवाडा देतो. जीव दिला तो बाप, अस्थी गंगेला नेल्या तो मुलगा, राखेवर झोपला तो नवरा. वेताळ झाडावर परत जातो.

निवाडा चोख आहे. राखेवर झोपणारा प्रियकर तर आजच्या कुठल्याही किशोर-कादंबरीच्या मुखपृष्ठावर शोभेल. फक्त एक गोष्ट राहून गेली. मंदारवती तिथेच उभी होती. नुकतीच जिवंत झालेली, शुद्धीवर असलेली, बोलता येणारी. तिला कुणी विचारलंच नाही. स्मशानाच्या वाटेवर एक राजा आणि एक भूत मिळून तिचं लग्न ठरवतात. आणि पुढच्या हजार वर्षांत कुणालाही त्यात विचित्र वाटलं तर ते भूत वाटलं.

मेयरबाईंनी काय केलं? तिघांचे दोन केले, एक व्हॅम्पायर आणि एक लांडगा होणारा जेकब, आणि कोडं बेलाला घातलं. ती चुकीचं निवडेल, जेवढा वेळ लावायचा तेवढा लावेल, दोन खंड रडेल. पण उत्तर तीच देणार. जगभरच्या मुलींनी एडवर्डचा गट आणि जेकबचा गट असे तट पाडून भांडणं केली. त्यांच्या हिशोबात राजाची जागा पहिल्यांदाच रिकामी झाली होती. आता त्या जागेवर बसून बेलाने निवडला तो डॉक्टरचा मुलगा, बंगला, गाडी, निर्व्यसनी! म्हणजे विचारलं असतं तरी उत्तर तुमचंच आलं असतं. पण विचारण्यात आपला जो अपमान होतो त्याची भरपाई कोण करणार?

तिसरं उत्तर माझ्या भाचीचं. ती अकरावीला आहे आणि हे चारही खंड तिने प्रॅक्टिकलच्या वहीखाली वाचले आहेत. मी जरा वडीलकीच्या सुरात म्हटलं, "अगं, तो परवानगी न घेता रात्री येऊन झोपलेल्या मुलीकडे बघत बसतो. हे तुला भीषण नाही वाटत?"

"वाटतं की, मामा," ती म्हणाली. "पण पुस्तकातला आहे, कंटाळा आला की मिटता येतो. गल्लीतले मिटता येतात का?"

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं. वर्गातल्या मुलांचं, मास्तरांचं, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं. एकट्या बेलाच्या मनातलं त्याला काही केल्या ऐकू येत नाही. म्हणून तो तिला सारखा विचारत राहतो, 'काय चाललंय तुझ्या मनात?' आणि ती सांगेपर्यंत थांबतो.

हे ऐकून मी तिच्या घराचा हिशोब मांडला. दोन खोल्या, पाच माणसं. अभ्यासाचं टेबल देवघराशेजारी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत. फोनचा पासवर्ड आईला पाठ. क्लासमध्ये शिरताच वडिलांच्या मोबाइलवर हजेरी, रविवारच्या चाचणीचे गुण तिच्याआधी आत्याला. 'तुझ्या मनात काय चाललंय ते मला चांगलं ठाऊक आहे,' हे वाक्य त्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं, ते उच्चारणाऱ्यांनीच मोजावं. अशा घरात राहणाऱ्या मुलीला रक्त पिणाऱ्याची भीती वाटत नाही. तिचं मन वाचता न येणारा एक प्राणी जगात आहे, या कल्पनेसाठी ती चार खंड काय, चाळीस वाचेल.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी रीतसर सूचना मांडली. ज्या घरात वयात आलेली मुलगी आहे तिथे एका दाराला आतून लागणारी कडी बसवावी. चार खंडांच्या संचापेक्षा कडी स्वस्त पडते आणि ती एकदा बसली की व्हॅम्पायरची निम्मी गरज संपते. काकांनी विचार केला आणि म्हणाले, "कडी लावली तर आत काय चाललंय ते आपल्याला कळणार कसं?" सूचना अनुमोदनाअभावी बारगळली. टाकीची दुरुस्ती पुढे ढकलून त्या पैशात जिन्यात आणि गच्चीच्या दाराशी रात्री दिसणारे कॅमेरे बसवायचं एकमताने ठरलं. मुली किती वाजता येतात, कोणत्या खिडकीत दिवा उशिरापर्यंत जळतो, हे आता सचिवांना घरबसल्या दिसेल. खर्च प्रत्येक घराने सारखा उचलायचा आहे. एडवर्ड हेच काम फुकट करत होता.