काळा फोटो

मालवणच्या स्कूबाचं आता आमच्या गोंदियाजवळच्या फुलचूरला कुणाला कौतुक उरलेलं नाही. नाक्यावरच्या दर तिसऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये तो फोटो असतो: डोळ्यांवर मुखवटा, तोंडात नळी, भोवती पट्टेरी मासे. मागून मानगूट धरणारा प्रशिक्षक तेवढा कापून टाकलेला. अशा गर्दीत माझ्यासारख्याने उठून दिसायचं कसं? मी रीतसर कोर्स केला, कार्ड मिळवलं आणि अंदमानच्या स्वराज द्वीपाला प्रवाळांवर रात्री उतरलो. तिथे सूर्य सहाच्या आतच मावळतो, त्यामुळे माझं हे रात्रीचं शौर्य सुरू झालं तेव्हा गोंदियात लोक अजून ऑफिसातून निघाले नव्हते. हा तपशील मी सहसा सांगत नाही.

खाली काळोख, आणि त्यात टॉर्चच्या उजेडापुरतंच जग. अंधारात ‘मी ठीक आहे’ हे टॉर्चने गोल काढून कळवायचं असतं. कानात दडे बसले होते, पाय बधिर झाले होते, पण मी असे काही भव्य गोल काढत होतो की प्रशिक्षकाने शेवटी माझा हातच धरला. दिवसा काही मीटर खाली गेलं की लाल रंग पार विझून जातो. रात्री टॉर्च जवळ नेला की तोच लाल प्रवाळावर भडकून उठतो. दिवसभर मिटून बसलेले प्रवाळजीव तेव्हा चिमुकले हात पसरून जेवत असतात. आणि पोपटमासा! त्याच्या काही जाती रात्री स्वतःच्या शेंबडाची पिशवी विणून तिच्यात झोपतात. रक्त पिणाऱ्या बारक्या किड्यांपासून बचाव म्हणून, असं शास्त्रज्ञ म्हणतात. म्हणजे ती मच्छरदाणीच! गोंदियाच्या माणसाला समुद्रतळाशी एवढी ओळखीची वस्तू भेटावी, म्हणजे कमाल झाली.

पाण्याचं म्हणाल तर आमचा जिल्हा तलावांचा. कोलू पाटील कोहळींच्या नवेगावबांधापासून गावोगावच्या मामा तलावांपर्यंत. हे मामा म्हणजे कुणाच्या आईचे भाऊ नव्हेत, माजी मालगुजारी. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. गाळ आणि बेशरमाची झुडपं मात्र जिथल्या तिथे. या तलावांत ढिवर शिंगाडा लावतात. पावसाळ्यात वेल सोडायचे आणि थंडीत फळं काढायची. कुडकुडत, छातीभर पाण्यात, वेलीखाली हात घालून चाचपत, काटे बोटांत मोडून घेत. अंगावर रबरी सूट नाही, पाठीवर सिलिंडर नाही, आणि वर आल्यावर गरम चहा देणारी बोट तर नाहीच. बाजारात त्याच शिंगाड्यासाठी आपण पाच रुपयांवरून तोंड वाकडं करतो. शिंगाडा उपासाला चालतो, भाव तेवढा चालत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

असो. मी फोटो घेऊन नाक्यावर आलो. रात्रीचा फोटो तो. सगळा काळा आणि मध्ये एक पांढुरका डाग. “लाइट गेल्ती का जी?” एकाने विचारलं. तो डाग मीच आहे, हे पटवता पटवता माझा चहा निवला.

बाकावर शिंगाड्याची टोपली घेऊन बसलेल्या ढिवर काकांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. खोली किती, वेळ किती, टॉर्च कुणाचा. मग म्हणाले, “रातच्याला पान्यात उतराचे पैसे तेच देतेत ना जी?”

मी आकडा सांगितला, मी भरलेला.

काकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने. मला ऐकू कमी येतं असं त्यांना वाटलं असावं.