लक्ष्मी, सीलबंद

गुरुपुष्यामृताला मी आयुष्यातली पहिली गुंतवणूक केली: ५ ग्रॅमचं सोन्याचं नाणं. दागिना नको, घडणावळ वाया जाते, असं बायकोला आदल्या रात्री बराच वेळ समजावलं होतं. बिलावर मजुरीची ओळ होतीच. लक्ष्मीचा छाप काय फुकट उठतो? शिवाय ३ टक्के जीएसटी. दुकानाची पायरी उतरेपर्यंत भाव न उतरताच मी तोट्यात.

त्याआधी एका बँकेत डोकावलो होतो. तिथलं नाणं ९९९ शुद्धतेचं, प्रमाणपत्रासह. साहेब चक्क उठून उभे राहिले. 'पुढे विकायचं झालं तर?' विचारताच बसले. बँक सोनं विकते, परत घेत नाही.

सराफ घेतो. फक्त पाकीट फोडलेलं नसावं, नाहीतर पुन्हा कस, पुन्हा घट. म्हणजे सोन्यापेक्षा प्लॅस्टिक जपायचं. घरी आल्यावर मी प्रमाणपत्राचा क्रमांक वाचून दाखवत होतो, तोवर आईने पूजेसाठी पाकिटाला कात्री लावली आणि लक्ष्मीच्या नाकावर हळदीकुंकू वाहिलं.

"वेढणं घ्यायचं रे," ती म्हणाली. "चोख सोनं, आणि बोटात तरी बसतं." तिच्याकडे अशी चार आहेत, तोळा हजाराच्या आत होता तेव्हाची. मजुरी तेव्हाही दिली होती म्हणे, पण सोनाराशी भांडून.

हल्ली मी दिवसातून पाच वेळा मोबाईलवर भाव बघतो. वाढला की श्रीमंत वाटतं. विकणार कसं? देवघरातली लक्ष्मी आई विकू देत नाही.