वंगणभक्त

माढ्यासारख्या तालुक्याच्या गावात, निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीकडे डोळे लावून बसलेल्या गृहस्थांमध्ये हा नमुना हमखास सापडतो. तो नक्षी कापायची विजेवरची करवत, म्हणजे स्क्रोल सॉ, घरी आणतो. सबब भक्कम असते: 2018 मध्ये सरकारने थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा गणपतीचं मखर आता प्लायवुडचं, आणि तेही घरीच कापलेलं. मखर होतं की नाही हा वेगळा विषय. करवतीचं तेलपाणी मात्र दर रविवारी होतं. माझं म्हणणं असं की, या माणसाला लाकूडकामाचा नाद नसतोच. नाद असतो तेलाचा. करवत हे तेल घालायची सोय म्हणून घरात आलेली असते.

पुरावा यंत्रातच आहे. या करवतीत तेल मागणाऱ्या जागा मोजक्या. पातं धरणारे दोन दांडे मागच्या बाजूला जिथे झुलतात, तिथले बुश ही त्यातली मुख्य. हे बुश बऱ्याचदा धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले असतात. तेल पिऊन ठेवतात आणि लागेल तसं सोडतात. म्हणून यंत्र आडवं करायचं, तिथे पातळ तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी कूस बदलायची. काही कंपन्यांच्या पुस्तिका हे दर 50 तासांनी करा म्हणतात. हे तास करवत चालवल्याचे. आमचे गृहस्थ ते भिंतीवरच्या कॅलेंडरात मोजतात. त्यामुळे करवत बिचारी कापण्यापेक्षा कुशीवरच जास्त असते. मोटरच्या बंद बेअरिंगला बाहेरून तेल लागत नाही, असं सांगितलं तर ते मान डोलावतात आणि तिथेही दोन थेंब सोडतात. जादा तेल भुशात कालवलं जाऊन लगदा होतो, लाकडावर डाग पडला की त्यावर पॉलिश धरत नाही, हे सगळं खरं; पण लाकूड लावायचंच नसेल तर डाग पडणार कशावर? पातं अजून मूळचंच आहे. ही बारीक पाती कामात तुटतातच, यांचं तुटलेलं नाही. यातच सगळं आलं. आणि स्वयंपाकघराचं दार वर्षानुवर्षं करकरतंय, कारण दाराबरोबर पुस्तिका येत नाही.

कोणी म्हणेल, आमची हवा कोरडी, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात ही धूळ. तेल नको का? धूळ असेल तर तेल बेतानंच हवं. आधी ब्रशने झाडायचं, मग थेंब सोडायचा, मग पुसायचं. पण झाडण्यापुसण्यात तेल घालण्याइतका रुबाब नाही, म्हणून ते राहतं. शिलाई मशीनचं तेल संपलं की हात खोबरेलाकडे वळतो. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात डोक्याला लावायची बाटली उन्हात ठेवणाऱ्या माणसाला हे करवतीच्या वेळी आठवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू झाली. वाफेच्या इंजिनाला तेलाचा डबा घेऊन भोवती फिरणारा माणूस लागायचाच; तेल चुकलं की बेअरिंग तापलं आणि गाडी वाटेत उभी राहिली. ज्या मुलखानं हे पाहिलंय तिथे तेलाला मान असणारच. मान्य. पण तेल घालून झालं की ते इंजिन पंढरपूरला जायचं. खंडेनवमीलाही हत्यारांना हळदकुंकू लागतं ते एक दिवस. बाकीचं वर्ष त्यांनी राबायचं असतं. आमच्या गृहस्थांकडे बारा महिने खंडेनवमी.

तरीही याच्या उलट जो नमुना आहे, करवत आणल्या दिवसापासून तेलाचा थेंब न दाखवता दामटणारा आणि मोटर जळल्यावर कंपनीला शिव्या घालणारा, त्याच्यापेक्षा हा बरा. जुनी करवत विकत घ्यायची असेल तर डोळे मिटून याच्याकडूनच घ्यावी. अडचण एवढीच की तो विकणार नाही, आणि तुम्ही तिच्यावर लाकूड कापणार आहात असं कळलं तर मुळीच नाही.